नागपुरात स्ट्राँग, गोव्यात पिंट, बंगळुरूत नळाची बिअर: आवड नेमकी कोण ठरवतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. नागपुरात मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून विकायचं ठिकाण) सुरू करताय, सहा नळ आहेत. भागीदाराचं म्हणणं, बंगळुरूत जे चालतं ते जसंच्या तसं आणायचं: हेझी आयपीए (गढूळ, फळांच्या वासाची), साउअर (आंबट), विट (संत्र्याची साल आणि धणे घातलेली गव्हाची बिअर). तुमचं म्हणणं, विदर्भातला गिऱ्हाईक स्ट्राँगशिवाय दुसरं काही घेत नाही, त्यामुळे सहापैकी चार नळ स्ट्राँगचे हवेत. शिवाय देशात बिअरची आवड प्रांताप्रांतात एवढी का बदलते, त्यामागे हवामान आहे, जेवण आहे की सवय, हेही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लागलं की पहिल्याचं आपोआप लागतं. तुम्ही दोघंही एकच गृहीत धरून चालला आहात: जे जास्त खपतं तेच लोकांना आवडतं. आपल्या देशात बिअरच्या बाबतीत हे गृहीत फार कच्चं आहे. ग्लास ओठाला लागायच्या आधी बिअरची निवड तीन ठिकाणी होऊन गेलेली असते. एक्साइजच्या दरपत्रकात, दुकानाच्या फळीवर आणि गोदामाच्या उन्हात. या तिन्हींतून जे उरतं त्यातून गिऱ्हाईक निवडतो आणि आपण त्याला त्या भागाची आवड म्हणतो.

एक्साइजपासून सुरुवात करू. मद्य हा राज्यांचा विषय आहे, त्यावरचं उत्पादन शुल्क राज्यसूचीत ५१ व्या क्रमांकावर आहे आणि पिण्याच्या दारूला जीएसटी लागू नाही. म्हणजे प्रत्येक राज्याचा दर वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी, परराज्यातून माल आणायची फी वेगळी. बाटलीवर अमुक राज्यातच विक्रीसाठी असं छापलेलं असतं ते यामुळेच. बिअर हे बहुतांशी पाणीच, त्यात काचेचं वजन. ते ट्रकने हजार किलोमीटर नेऊन वर फी भरणं परवडत नाही, म्हणून कंपन्या राज्याराज्यात कारखाने टाकतात किंवा तिथल्या कारखान्यात आपली बिअर बनवून घेतात. आपल्याकडे वाळूजच्या आसपास एवढे बिअरचे कारखाने एकवटले आहेत. मराठवाड्याच्या पाण्याला बिअरसाठी खास चव आहे म्हणून ते तिथे आलेले नाहीत. २०१६ च्या दुष्काळात त्यांच्या पाण्यात कपात करायचा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता, यावरून तिथलं पाणी किती मोजकं आहे ते कळेल.

आता ताकदीचा हिशोब. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि त्याच्या वर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. बहुतेक राज्यांचे शुल्काचे खण असेच दोन आहेत. म्हणजे साडेपाच टक्क्यांची आणि आठ टक्क्यांची बिअर एकाच खणात बसते. साडेपाच-सहा टक्क्यांची छान, भरीव बिअर बनवणाऱ्याला शुल्क आठ टक्क्यांचंच. मग कारखानदार थेट काठापर्यंत जातो. मधला सगळा पट्टा, जिथे जगातल्या कितीतरी चांगल्या बिअर बसतात, आपल्या दुकानात जवळजवळ रिकामा आहे तो त्यामुळे.

गिऱ्हाइकाच्या बाजूने तोच हिशोब पाहा. ६५० मिलीच्या बाटलीत ५ टक्क्यांनी ३२.५ मिली शुद्ध अल्कोहोल येतं, ८ टक्क्यांनी ५२ मिली. लेबलवर ८ पेक्षा जास्त नाही असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, पण हिशोबापुरतं ८ धरू. विदेशी दारूच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांनी ७७ मिली. माइल्डची बाटली १८० रुपये आणि स्ट्राँगची २०० धरली, तर माइल्डमध्ये एक मिली अल्कोहोल साधारण साडेपाच रुपयांना पडतं, स्ट्राँगमध्ये पावणेचारपेक्षा किंचित जास्त. जून २०२५ च्या निर्णयानंतर आपल्या राज्यात विदेशी दारूच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये आहे, म्हणजे मिलीला अडीच-पावणेतीन रुपये. देशी त्याहून कितीतरी खाली.

ज्याला दिवसाच्या कमाईतून दोनशे रुपये काढायचे आहेत तो माइल्ड का घेईल? देशात खपणाऱ्या बिअरमध्ये ढोबळमानाने पाचातल्या चार बाटल्या स्ट्राँगच्या असतात त्या या हिशोबामुळे. विदर्भातली जीभ वेगळी आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. तोच कायदा, तेच दर पुण्याला लागू आहेत, तरी कोरेगाव पार्कात व्हीट बिअर चालते, कारण तिथे बसलेला माणूस मिलीमागे रुपये मोजत नाही. एका राज्याच्या आतला फरक बहुतेक वेळा खिशाचा आणि बसायच्या जागेचा असतो. दोन राज्यांमधला फरक दरपत्रकाचा आणि फळीचा.

तुलनेला जर्मनी घ्या. तिथे बिअरवरचा कर आंबवण्याआधीच्या रसाच्या घनतेवर लागतो, दर अंश प्लेटोला (हे त्या घनतेचं माप) शंभर लिटरमागे ०.७८७ युरो. १२ अंशांच्या नेहमीच्या बिअरला शंभर लिटरमागे साडेनऊ युरोही होत नाहीत, म्हणजे अर्ध्या लिटरच्या ग्लासला पाच सेंटपेक्षा कमी. कर लहान आणि ताकदीबरोबर पायरीपायरीने वाढणारा, त्यामुळे कोणत्याही एका टोकाला पळायचं कारणच नाही. म्हणून ऱ्हाईनकाठी जेमतेम ४० किलोमीटरवरच्या दोन शहरांत कोलोनची फिकट सोनेरी कोल्श २०० मिलीच्या सरळ ग्लासात आणि ड्यूसेलडॉर्फची तांबूस आल्ट, असा फरक टिकून राहिला. दोन्हींची ताकद साधारण सारखीच, पाचच्या आसपास. त्याला खरोखर आवडीतला फरक म्हणता येतं. आपल्याकडे ती आवड दिसायला आधी किमतीचा पडदा बाजूला व्हावा लागतो.

फळीचा मुद्दा दक्षिणेत सगळ्यात ठळक दिसतो. तामिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे आहे, केरळातही जवळजवळ सगळा व्यवहार महामंडळाचा. आंध्र आणि तेलंगणात घाऊक खरेदी फक्त महामंडळ करतं. महामंडळ जे मागवेल ते दुकानात दिसेल. आंध्रात ऑक्टोबर २०१९ मध्ये दुकानंही सरकारने चालवायला घेतली, आणि ओळखीचे बरेच ब्रँड दुर्मिळ होऊन कधी नाव न ऐकलेल्या बाटल्या फळीवर आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाजगी दुकानं परत आली, तसे जुने ब्रँडही परतले. मधल्या पाच वर्षांचे विक्रीचे आकडे काढून कुणी आंध्रची आवड बदलली म्हणेल, तर ते चूक ठरेल. जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड ब्रुअरीजने थकबाकी आणि न वाढलेल्या दरांवरून तेलंगणाचा पुरवठा काही दिवस थांबवला होता. त्या दिवसांत तिथल्या माणसाने जे घेतलं ते नाइलाजाने घेतलं.

केरळ याच्याही पुढचं उदाहरण आहे. रम आणि ब्रँडीचं राज्य अशी त्याची ओळख. २०१४ मध्ये पंचतारांकित हॉटेलं वगळता बार बंद झाले, त्यातले अनेक बिअर-वाइन पार्लर म्हणून पुन्हा उघडले आणि बिअरचा खप झपाट्याने वाढला. २०१७ मध्ये धोरण पुन्हा सैल झालं. माणसं तीच, हवा तीच, जेवण तेच. परवाना बदलला आणि हातातला ग्लास बदलला.

तुमच्यासाठी याचीच उलटी बाजू महत्त्वाची आहे, कारण नागपूर विभागातच वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत आणि चंद्रपूरही २०१५ ते २०२१ बंदीत होता. बंदीत सगळ्यात आधी बिअर नाहीशी होते. चोरून आणणाऱ्याला ६५० मिलीची जड काच ५२ मिली अल्कोहोलसाठी वाहायची, की १८० मिलीची चपटी ७७ मिलीसाठी? अशा भागात वर्षानुवर्षं बिअरची सवयच बसत नाही, बसते ती कडक दारू पाण्यात मिसळून पटकन संपवायची. तिथून नागपूरला येणारा गिऱ्हाईक बिअरकडे आधी ताकद म्हणूनच पाहणार. तो दोष त्याच्या चवीचा नाही. त्याला दुसरी बिअर कुणी नीट दिलेलीच नसते.

तिसरी जागा गोदामाची. हवामानाचा प्रभाव असतोच, पण लोक समजतात त्या वाटेने नाही. उकाडा आहे म्हणून हलकी बिअर चालेल असं वाटतं. तसं असतं तर विदर्भ, तेलंगणा, राजस्थान हे माइल्डचे गड असते. उकाडा आधी बिअर खराब करतो. धंद्यातला एक ढोबळ नियम आहे: ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, या तिन्हींत बिअर साधारण सारखीच शिळी होते. आता मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात ठेवलेल्या खोक्याचा विचार करा. फिकट, हलक्या लागरमध्ये (थंडीत सावकाश आंबवलेली, नेहमीच्या बाटलीतली बिअर) लपायला जागा नसते, त्यामुळे पुठ्ठ्यासारखा वास आणि मधाळ, मलूल चव लगेच कळते. स्ट्राँग मुळात गोडसर आणि अल्कोहोलची ऊब असलेली, तिच्यात तेच दोष बरेच झाकले जातात. उन्हाळी गावातल्या माणसाने माइल्ड पाणचट लागते असं म्हटलं की त्याला नावं ठेवू नका. त्याला मिळालेली माइल्ड खरोखरच मेलेली असते.

बाकी प्रांतांबद्दल थोडक्यात. बंगळुरूत १९८० च्या दशकापासून पब आहेत, मोठ्या बिअर कंपनीचं मुख्यालय त्याच शहरात, त्यामुळे नळाची ताजी, माइल्ड बिअर पिचरमध्ये घेऊन तासभर बसायची सवय दोन पिढ्यांची आहे. मायक्रोब्रुअरी तिथे तयार जमिनीवर उगवल्या. कर्नाटकातल्या इतर गावांत जाल तर चित्र नागपूरसारखंच दिसेल. गोव्यात शुल्क तुलनेने कमी, पिण्याचं किमान वय १८, समुद्रावर दुपारपासून पिणारा पर्यटक. तिथे छोटी बाटली, म्हणजे पिंट, आणि हलकी बिअर चालते, कारण सहा तासांत संपवायच्या पाच-सहा बाटल्या आठ टक्क्यांच्या असून चालत नाही, आणि छोटी बाटली गरम व्हायच्या आत संपते. उत्तरेत हंगाम ठरवतो: एप्रिल ते जून उसळी, डिसेंबर-जानेवारीत मंदी आणि व्हिस्की-रम वर. गोव्यात बरोबर उलटं, डिसेंबर म्हणजे दिवाळी. बंगाल-ओडिशात कल्याणी ब्लॅक लेबलला मान आहे, कारण ती त्याच मातीतली. तसंच सिक्कीमचं: मेल्लीच्या कारखान्याने १९८७ पासून तिथलेच ब्रँड दिले आणि डोंगरात बाहेरचा माल नेणं महाग पडतं.

खऱ्या अर्थाने प्रांतीय आवड बघायची असेल तर बाटलीच्या बाहेर बघावं लागतं. सिक्कीमची कोदोची, म्हणजे नाचणीची, तोंगबा, जिच्यावर गरम पाणी ओतत ओतत नळीने पितात, झारखंड-ओडिशाची भाताची हंडिया, रानू नावाच्या मुळ्या-पाल्याच्या गोळीने आंबवलेली, अरुणाचल-आसामची अपोंग, नागांची झुथो, दिमासांची जुदिमा, जिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्या कमी कडवट, किंचित आंबट-गोड, गढूळ आणि धान्याच्या चवीच्या आहेत. इथे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नाहीत आणि कुणी त्या मागितलेल्याही नाहीत. हे लक्षात ठेवा, नळ ठरवताना उपयोगी पडेल.

आता तुमचे सहा नळ. काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत: जागा धरमपेठेत आहे की वर्धा रोडवर, कुटुंबं येणार की फक्त ऑफिसची टोळकी, स्वयंपाकघर कसलं, आणि उन्हाळ्यात वीज गेली तर जनरेटर थंडीची यंत्रणा ओढतो का. पण एक गोष्ट सगळीकडे लागू आहे. तुमच्याकडे ३३० मिलीचा ५ टक्क्यांचा ग्लास ३०० रुपयांना जाणार असेल, तर एक मिली अल्कोहोल १८ रुपयांना पडतं. परमिट रूममध्ये सर्व्हिस धरूनही ते याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली. म्हणजे ताकदीचा भाव काढणारा गिऱ्हाईक तुमच्याकडे येणारच नाही, चार नळ स्ट्राँगचे ठेवले तरी नाही. जो येईल तो जागेसाठी, ताजेपणासाठी, सोबतीसाठी येईल. म्हणून तुमचं चार स्ट्राँगचं गणित बसत नाही. भागीदाराचंही बसत नाही, कारण बंगळुरूची यादी ही दोन पिढ्या नळाची बिअर प्यायलेल्या लोकांची यादी आहे. तिथला तिसरा टप्पा इथे पहिला म्हणून ठेवला तर हेझी आयपीए टाकीतच म्हातारी होईल, आणि ती बिअर शिळी होण्यात सगळ्यात घाईची असते.

माझा सल्ला असा: दोन गव्हाच्या बिअर, एक स्वच्छ लागर, एक स्ट्राँग, एक काळी, आणि सहावा नळ फिरता. आयपीए वगैरे जे असेल ते सहाव्यावर, अर्ध्या बॅचने.

गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करायचं कारण वर आलंच आहे: कमी कडवट, धान्याची चव, ढगाळ. आपल्या लोकांना ही चव शिकवावी लागत नाही. शिवाय सावजी. तिखटातला कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोल तोंडातली आग वाढवतं, हॉप्सचा कडवटपणा आणि जोरदार बुडबुडे त्यात भर घालतात. सावजी मटणाबरोबर ८ टक्के किंवा ६० कडवटपणाची (आयबीयू या मापात) आयपीए दिली तर माणूस दोन घोटांत पाणी मागतो. ५ टक्क्यांच्या आतली, १२ ते १५ कडवटपणाची, किंचित गोडसर गव्हाची बिअर ती आग तेवढी भडकवत नाही आणि दुसरा ग्लास मागवते.

५०० लिटरच्या हेफेवायझेनसाठी (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) साधारण ४५ किलो गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि ४३ किलो पिल्स्नर माल्ट धरा. यंत्रणेची वसुली कमी असेल तर पाच-सात किलो वाढवावे लागतील. रस १२ अंश प्लेटोला भरला आणि आंबून पाण्याच्या तुलनेतली घनता १.०११ पर्यंत उतरली की ४.८ ते ४.९ टक्के मिळतात. ४ टक्के अल्फाच्या (कडवटपणा देणाऱ्या आम्लाच्या) साडेपाचशे ग्रॅम हॉप्स ६० मिनिटं उकळल्या की कडवटपणा १२ च्या आसपास बसतो. यीस्ट १८ अंशांना टाकून २० वर आवरा. २३-२४ वर गेलं की केळ्याचा वास इतका चढतो की शिकरण प्यायल्यासारखं वाटतं आणि दुसरा ग्लास जात नाही. उन्हाळ्यात हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण उकळी आटोपल्यावर हीट एक्स्चेंजरचं पाणीच कोमट असतं आणि रस २६-२७ वर टाकीत उतरतो. दोन टप्प्यांत थंड करा, दुसरा टप्पा ग्लायकोलवर (थंड करून फिरवायचा द्रव). टाकी थंड होईपर्यंत यीस्ट थांबवा.

विटसाठी तुमच्या गावात सोनं आहे. बाहेरून वाळवलेली संत्र्याची साल मागवू नका. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्या काळात ताजी साल वापरा आणि उरलेल्या महिन्यांसाठी सावलीत वाळवून हवाबंद ठेवा. फळ आधी कोमट पाण्यात घासून धुवा, मेण आणि फवारणी निघाली पाहिजे. मग बारीक किसणीने फक्त केशरी भाग काढा. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, जोर लावला की पांढरा भाग येतो आणि बिअरला औषधी कडवटपणा चढतो. ५०० लिटरला ताजा कीस ४०० ते ५०० ग्रॅम, वाळलेला असेल तर निम्मा, आणि भरडलेले कच्चे धणे ३०० ते ३५० ग्रॅम, दोन्ही उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. धणे भाजायचे नाहीत, नाहीतर मसाल्याचा वास येतो. दळायचेही नाहीत, फक्त दोन फाकी झाल्या पाहिजेत. पूड केली की गाळणी तुंबते.

आता स्ट्राँगचा नळ. तो टाळू नका, उलट तो गावातला सगळ्यात चांगला स्ट्राँग असला पाहिजे. ज्याने आयुष्यभर स्ट्राँगच घेतली आहे त्याला स्वच्छ बनवलेली स्ट्राँग काय असते हे पहिल्यांदा तुमच्याकडे कळेल, आणि तिथून तो बाकीच्या नळांकडे वळेल. कारखान्याच्या स्ट्राँगमध्ये ताकद वाढवायला साखर किंवा सिरप घालतात, ते पूर्ण आंबतं आणि मागे काही ठेवत नाही, म्हणून बिअर पातळ पण गरम लागते. तुम्ही ५०० लिटरला सुमारे १०० किलो माल्ट आणि १२ किलोच्या आत साखर ठेवा. रस १६ अंश प्लेटोला, शेवट १.०१० ला, ताकद ७.३ च्या आसपास. आठच्या काठावर जाऊ नका, एखादी बॅच जास्त आंबली तर मर्यादेबाहेर जाल. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं, ६४-६५ अंशांना तासभर.

स्ट्राँगमध्ये बिघाड यीस्टपासून सुरू होतो. १२ अंश प्लेटोच्या बिअरएवढंच यीस्ट १६ अंश प्लेटोच्या रसात टाकलं, हवा नीट दिली नाही आणि लवकर आटपावं म्हणून लागर यीस्ट १७-१८ अंशांवर चालवलं, की जड अल्कोहोल वाढतात. त्याने बिअरला जो झोंबरा वास येतो त्याला लोक स्ट्राँगचा गुण समजतात. तो घाईचा दोष आहे. यीस्ट दीडपट ते दुप्पट टाका, ११ अंशांना सुरू करा, साखर पहिल्या दिवशी न घालता आंबणं जोरात आल्यावर उकळून थंड केलेल्या पाकाच्या रूपात घाला, शेवटी दोन दिवस १५-१६ वर नेऊन लोण्यासारखा वास जाऊ द्या, आणि मग शून्याच्या जवळ तीन आठवडे. ग्लास २५० मिलीचाच ठेवा.

यात टाक्यांचा हिशोब विसरू नका. गव्हाची बिअर १२ ते १४ दिवसांत नळावर येते, लागर आणि स्ट्राँग पाच-सहा आठवडे टाकी अडवून बसतात. एप्रिलच्या मध्याला लागणारी लागर मार्चच्या पहिल्या आठवड्यात उकळलेली असली पाहिजे. नवे लोक इथे अडकतात: मे महिन्यात लागर संपते, मग तीन आठवड्यांची कच्ची लागर नळाला लावतात आणि ती एकच बॅच ठिकाणाचं नाव घालवते. तुमच्याकडे चारच टाक्या असतील तर लागरच्या जागी १६ अंशांवर आंबवलेली कोल्शसारखी फिकट एल (लागरपेक्षा गरम तापमानाला लवकर आंबणारी बिअर) करा, तीन आठवड्यांत होते आणि गिऱ्हाइकाला ओळखीची वाटते.

काळी बिअर उन्हाळ्यात अर्धी बॅच, दिवाळीनंतर पूर्ण. नागपूरची डिसेंबरची रात्र त्या बिअरला योग्य आहे.

पाण्याबद्दल एवढंच: पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन कार्बन फिल्टरने काढा, आणि बोअरचं पाणी मिसळत असाल तर क्षारता तपासल्याशिवाय फिकट बिअर करू नका. जास्त क्षारतेत मॅशचा पीएच ५.६ च्या वर राहतो आणि फिकट बिअर तुरट लागते. लॅक्टिक ॲसिडने तो ५.३-५.४ वर आणा.

आणि थंडी. बुडबुड्यांचा दाब तापमानावर चालतो. २.५ व्हॉल्यूमच्या बिअरला (म्हणजे तिच्यात तिच्या आकारमानाच्या अडीचपट वायू विरघळलेला) ४ अंशांना साधारण ०.८५ बार दाब पुरतो, १२ अंशांना १.४ बार लागतो. थंड खोलीपासून नळापर्यंतची नळी उघडी असेल तर ४५ अंशांच्या दुपारी पहिले चार ग्लास फेसच येतो, पोरगा फेस ओतून देतो आणि दिवसाला दहा-बारा लिटर गटारात जातात. नळीबरोबर ग्लायकोलची नळी बांधून दोन्हींवर एकच जाड आवरण हवं, अगदी नळाच्या मानेपर्यंत. दर पंधरा दिवसांनी २ टक्के कॉस्टिकने नळ्या धुवा. टेबलावर ठेवायचा तीन लिटरचा टॉवर मे महिन्यात देऊच नका. शेवटचा लिटर कोमट होतो आणि बिअर वाईट होती असं नाव तुमच्यावर येतं. व्हीट बिअर पुस्तकात ७-८ अंशांना द्यायला सांगतात, नागपुरात ४ वर द्या, ती टेबलावर थोड्या वेळात ७ वर येतेच.

भागीदाराशी वाद मिटवायचा एक उपाय आहे. पहिले तीन महिने मेनूवर बिअरची नावं आणि चव मोठ्या अक्षरांत छापा, टक्केवारी खाली बारीक अक्षरांत. प्रत्येक नव्या टेबलाला ६० मिलीचे चार नमुने द्या, त्यात स्ट्राँग शेवटचा. मग वहीत एकूण खप लिहू नका, कारण पहिला ग्लास सवयीने मागवला जातो. दर नळाचे दुसरे ग्लास किती गेले ते लिहा, आणि त्या टेबलाने काय खाल्लं तेही. आठवड्याला एकदा दोघांनी बसून ते आकडे बघा. सहाव्या नळावर काय लावायचं आणि स्ट्राँगची पुढची बॅच पूर्ण करायची की अर्धी, हे त्या वहीवरून ठरवा.